अभेद्य वीर आणि राहून गेलेली ती एक जागा

शमिका_आ

ग्रीकांचा अकिलीस घ्या, जर्मनांचा सीगफ्रीड घ्या, इराणचा इस्फंदियार घ्या, आपला दुर्योधन घ्या. चौघांचंही अंग शस्त्राला दाद देत नाही आणि चौघांच्याही अंगावर एक जागा राहून गेलेली असते. टाच, पाठ, डोळे, मांड्या. आणि शेवटी घाव बसतो तो नेमका तिथेच.

प्रश्न साधा आहे. वीर मरायलाच हवा असेल तर त्याला आधीपासून चारचौघांसारखा ठेवा ना. आधी अभेद्य करायचा आणि मग त्याला भोक पाडायचं, हा उपद्व्याप इतक्या देशांतल्या लोकांनी कशाला केला?

माझं मत आधीच सांगून टाकते, म्हणजे भांडायला सोपं जाईल. मला त्या जागेवर दरवेळी कुणाचा तरी हात दिसतो. अकिलीसची आई थेटिस लेकराला स्टिक्स नदीत बुडवते आणि धरलेली टाच कोरडी राहते. सोडलं असतं तर पोर वाहून गेलं असतं, धरलं म्हणून जागा राहिली! गांधारी डोळ्यांवरची पट्टी काढते, पण लेक आईसमोर लाजून कंबरेला केळीचं पान गुंडाळून येतो. उत्तरेकडच्या नॉर्स कथांमध्ये बाल्डरची आई फ्रिग जगातल्या यच्चयावत वस्तूंकडून शपथ घेते की माझ्या मुलाला इजा करू नका. मिसलटोचं रोप तेवढं फार कोवळं म्हणून सोडून देते, आणि त्याच रोपाचा बाण होतो. सगळीकडे आई आहे, जपणूक आहे, आणि जपता जपताच काहीतरी निसटलंय.

तुम्हाला काय वाटतं?

खवचट_काका

सासूबाईंना वाचून दाखवलं. म्हणाल्या, "म्हणजे शेवटी खापर आईच्याच डोक्यावर ना?"

(दिवे घ्या, म्हणजे हलकेच घ्या.)

धूमकेतू७७

भारी विषय. बाल्डरची गोष्ट माहीत नव्हती. वाचतोय.

निवांत_नाना

शमिकाताई, विषय छान काढलात, पण तुमच्या चारातला एक खांब मी काढून घेतो.

गांधारी, पट्टी आणि केळीचं पान हा प्रसंग महाभारतात नाही. पुण्यात भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ एवढा काळ खपून, १,२५९ हस्तलिखितं ताडून चिकित्सक आवृत्ती काढली, तिच्यात तो शोधून सापडणार नाही. तो कीर्तनांतून, लोककथांतून आणि पुढे १९८८ साली दूरदर्शनवर सुरू झालेल्या मालिकेमुळे घरोघरी पोचला. माझ्या पिढीतले लोकसुद्धा आता तो व्यासांच्या नावावर खपवतात.

मूळ ग्रंथात काय आहे ते जास्त मजेदार आहे. वनपर्वात घोषयात्रेच्या वेळी गंधर्व दुर्योधनाला बांधून नेतात आणि त्याला सोडवतो कोण, तर अर्जुन! त्या अपमानाने हा अन्नपाणी सोडून मरायला बसतो. तेव्हा पाताळातले दानव त्याला बोलावून धीर देतात, की अरे, तुझं कंबरेवरचं अंग वज्राचं आहे, आणि खालचं अंग देवीने फुलांचं केलंय, बायकांना भुरळ पडावी असं. म्हणजे आई नाही, लाज नाही, केळीचं पान नाही. अर्धं वज्र, अर्धी फुलं.

मांडी फुटण्याची कारणं तर आणखी वेगळी. सभेत द्रौपदीला त्याने डावी मांडी उघडी करून दाखवली आणि भीमाने तिथल्या तिथे प्रतिज्ञा केली. पुढे मैत्रेय ऋषी समजूत घालायला आले, तर हा मांडीवर थाप मारत पायाने जमीन उकरत बसला. ऋषींनी शाप दिला, हीच मांडी भीम फोडेल. जागा त्याने स्वतःच दोनदा दाखवून दिली.

आणि एक. गदायुद्धात नाभीखाली मारायचं नाही असा नियम आहे. म्हणून तर बलराम नांगर उगारून भीमाच्या अंगावर धावतो. मांडी नाजूक होती की नाही हा प्रश्नच नाही, ती नियमाने राखलेली होती. भीमाने नियम मोडला आणि मांडी मोडली.

मुळामुठा

नानांनी एक खांब काढला, दुसरा मी काढतो.

होमरच्या ‘इलियड’मध्ये टाचेचं नाव नाही. उलट एकविसाव्या सर्गात अस्टेरोपायस नावाचा एक जण दोन्ही हातांनी एकदम भाले फेकतो. एक ढालीवर अडतो, दुसरा अकिलीसच्या उजव्या हाताला कोपराशी चाटून जातो आणि भळाभळा रक्त येतं. अभेद्य माणसाला रक्त कुठून आलं? शिवाय जिवलग मित्र पॅट्रोक्लस मेल्यावर अकिलीसला पहिल्यांदा काय लागतं, तर नवं चिलखत. देवांचा लोहार हेफेस्टस याला रात्रभर जागून ते घडवावं लागतं. कातडी लोखंडाची असती तर ही यातायात कशाला?

स्टिक्समध्ये बुडवल्याची गोष्ट आपल्या हाती येते ती स्टेशियस या रोमन कवीकडून, इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या अखेरीस. होमरनंतर सात-आठशे वर्षांनी!

माझा तर्क असा. वीर मेला हे सगळ्यांना ठाऊक असतं. पिढ्या जातात, वीर मोठा मोठा होत जातो. मग कुणीतरी पोरगं विचारतं, एवढा मोठा होता तर मेला कसा? तिथे ही जागा जन्माला येते. आधी मरण, मग अभेद्यपणा, शेवटी भोक. शमिका, तू उलट्या टोकाने वाचतेयस.

गणपुले_नव्हे

म्हणजे पौराणिक वीरांचं पोस्टमॉर्टेम आधी झालं आणि आजार नंतर शोधला.

अरुंधती_पेण

मुळामुठा, इतकं सरळ नाहीये हो ते.

इसवी सनापूर्वी सहाव्या शतकातल्या एका ग्रीक घड्यावर अकिलीसच्या मृत्यूचं चित्र होतं. तो घडा आता हरवलाय, पण त्यावरून काढून ठेवलेलं रेखाटन उपलब्ध आहे. अकिलीस आडवा पडलाय, त्याचं प्रेत ओढून नेण्यासाठी शत्रूकडचा एक ट्रोजन त्याच्या पायाला दोरी बांधतोय आणि बाण पायात घोट्यापाशी रुतलेला आहे. म्हणजे पायाचा संबंध स्टेशियसच्या कितीतरी आधीपासून होता. कवितेत लिहून आला उशिरा, म्हणून तो उशिराच सुचला असं म्हणता येत नाही.

आणि होमरचं काय सांगता! तो जादूटोणा मुद्दाम गाळतो. त्याला मरणारी माणसं हवीत, त्याशिवाय त्याच्या युद्धाला वजन येत नाही. जो मरूच शकत नाही तो लढायला उतरला तर त्यात शौर्य ते काय? त्याला टाचेची गोष्ट ठाऊक असून त्याने बाजूला ठेवली असेल, हेही तितकंच शक्य आहे.

राईनकाठी

सीगफ्रीडबद्दल कुणीच बोलत नाहीये म्हणून उडी मारतो. नोकरीनिमित्त वोर्म्सच्या जवळ राहतो. ‘निबेलुंगेनलीड’ या काव्यातला राजदरबार याच वोर्म्सचा. इसवी सन १२००च्या आसपासचं काव्य आहे.

ड्रॅगन मारून सीगफ्रीड त्याच्या रक्तात न्हातो आणि कातडी शिंगासारखी टणक होते. पण न्हाताना लिंडनच्या झाडाचं एक रुंद पान दोन खांद्यांच्या मधोमध पडतं, तेवढी जागा राहते. इथवर आई नाही. शमिका, तुझा हात येतो तो पुढे. त्याची बायको क्रीमहिल्ड. नवऱ्याचा घात करायला टपलेला हागेन तिच्याकडे येतो नि काळजीचं सोंग करतो, की लढाईत मी त्याच्यावर लक्ष ठेवीन, फक्त कुठे जपायचं ते सांगा. ती बिचारी नुसतं सांगून थांबत नाही, नवऱ्याच्या कपड्यावर बारीक रेशमाने तिथे एक छोटा क्रूस टाचून देते!

मग शिकार होते, सगळे तहानलेले. झऱ्यापर्यंत पळण्याची शर्यत लागते आणि सीगफ्रीड पहिला पोचतो. पण पाणी पीत नाही. शस्त्रं उतरवून ठेवतो आणि राजा गुंथर येऊन पिईपर्यंत उभा राहतो, कारण राजाच्या आधी पिणं बरं दिसत नाही. राजाचं झाल्यावर हा ओणवा होतो. तेवढ्यात हागेन त्याचं धनुष्य नि तलवार बाजूला नेऊन ठेवतो, त्याचाच भाला उचलतो आणि क्रूस नेमून मारतो. कवी तिथे सरळ म्हणतो की शिष्टाचार पाळल्याची ही किंमत.

बाकी ओडेनवाल्डच्या डोंगरात ‘इथेच मारलं’ असं सांगणारे झरे एकाहून जास्त गावांत आहेत. आपल्याकडे जिथे तिथे भीमाची चूल नि सीतेची न्हाणी असते, तीच तऱ्हा.

खवचट_काका

बायकोने केलेलं भरतकाम अंगावर घालताना यापुढे विचार करावा लागणार.

शमिका_आ

राईनकाठी, काय सुंदर सांगितलंत! आणि माझी बाजू बळकट केलीत. पान आपोआप पडलं, पण जागा शत्रूच्या हाती गेली ती काळजीपोटी. बाल्डरचंही तसंच. कपटी देव लोकी बाईचं रूप घेऊन फ्रिगकडे जातो, गप्पा मारतो आणि तिच्याच तोंडून मिसलटोचं नाव काढून घेतो. मग तो बाण आंधळ्या भावाच्या हातात देतो, नेमही धरून देतो.

नाना, दुर्योधनाचा मूळ ग्रंथ मान्य. पण लोकांना केळीच्या पानाची गोष्ट जोडावीशी का वाटली, हे सांगा की. फुलांची मांडी ग्रंथात आयती होती. ती सोडून लोकांनी आईच का आणली?

निवांत_नाना

प्रश्न रास्त आहे. विचार करतो.

तोवर एक खाऊ देऊन ठेवतो. द्रोणपर्वात जयद्रथवधाच्या दिवशी द्रोणाचार्य दुर्योधनाच्या अंगावर मंत्र घालून सोन्याचं कवच बांधतात. अर्जुनाचे बाण त्याच्यावरून घरंगळून पडतात. कृष्ण चकित होऊन विचारतो, आज गांडीवाला झालंय काय? अर्जुनाच्या लक्षात येतं. तो नेम बदलतो आणि उघड्या राहिलेल्या तळहातांवर बाण मारतो. अभेद्य अंगावरची उघडी जागा शोधणं म्हणजे हे. इथे शाप नाही, वर नाही, नुसती धनुर्धराची नजर. पण ही गोष्ट कुणी सांगत नाही. कीर्तनात मांडीच लागते.

सई_साताऱ्याची

सगळे दुर्योधनावर का अडलेत? कृष्ण राहिला ना!

अनुशासनपर्वात कृष्ण प्रद्युम्नाला सांगतो ती दुर्वासाची हकीकत वाचा. दुर्वास द्वारकेत कृष्णाकडे मुक्कामाला येतात. कधी हजारोंचं अन्न एकटे खातात, कधी चिमूटभर खाऊन उठतात, मध्येच अंथरूण-पांघरूण जाळून टाकतात. एक दिवस खीर मागतात, थोडी खातात आणि उरलेली कृष्णाला अंगाला फासायला सांगतात. तो निमूट फासतो. रुक्मिणीलाही फासायला लावतात, मग तिला रथाला जुंपतात, चाबूक मारतात. ती भर रस्त्यात अडखळत जाते आणि खीर फासलेला कृष्ण मागून चालतो. एवढं करून चिडला नाही म्हणून ऋषी खूश! म्हणतात, जिथवर खीर लागलीय तिथवर तुला मृत्यूचं भय नाही. पण बाबा, तळपायांना का नाही लावलीस? ते मला आवडलं नाही.

तळपायाला का लावली नाही, याचं कारण तिथे दिलेलं नाही. पण मराठी घरात वाढलेल्या माणसाला ते सांगावं लागतं का? अन्नाला पाय लागला तर आपण लगेच वाकून नमस्कार करतो. प्रसादाची खीर, ब्राह्मणाचं उष्टं, ते पायाला कोण फासेल?

मौसलपर्वात जरा नावाचा व्याध हरीण समजून बाण मारतो तो तळपायातच. गुजरातेत वेरावळजवळ भालका तीर्थ आहे ना, ती जागा तीच असं मानतात. सोमनाथला गेलेल्यांनी पाहिलं असेल.

अरुंधती_पेण

सई, तोडलंस! अकिलीस आणि कृष्ण दोघांचा पाय, दोघांना बाण, पण कारणं किती वेगळी. तिकडे आईची पकड, इकडे अन्नाचा मान.

आणि हे राईनकाठींच्या झऱ्याशी जाऊन जुळतं. सीगफ्रीड राजासाठी थांबला म्हणून मेला, कृष्णाने खिरीचा मान राखला म्हणून तळपाय राहिला. (मान राखला हे आपलं सईचं, पण मला पटलं.)

वैद्य_बोरीवली

मी व्यवसायाने वैद्य. थोडं आमच्या बाजूचं.

सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात १०७ मर्मं सांगितली आहेत. हातापायांत ४४, धडात २६, मान आणि डोक्यात ३७. तळपायाच्या मधोमध, मधल्या बोटाच्या रेषेत तलहृदय मर्म येतं. तिथे वेध झाला तर माणूस लगेच जात नाही, काही दिवसांनी जातो, असा त्याचा वर्ग. मांडीच्या मध्यावर ऊर्वी, ते पंगुत्व आणणाऱ्या मर्मांत येतं.

आता दुर्योधन बघा. मांड्या फुटल्यावर तो तिथल्या तिथे मरत नाही. रात्रभर धुळीत पडून असतो, अश्वत्थामा पांडवांच्या शिबिरात संहार करून येऊन बातमी सांगतो तोवर बोलतोय. आजच्या वैद्यकाने पाहिलं तरी हे खरं वाटण्यासारखं आहे. एका मांडीचं हाड मोडलं तरी बाहेर थेंब न दिसता लिटरभर रक्त आतल्या आत जाऊ शकतं. दोन्ही मोडली आणि उपचार नाहीत, तर माणूस काही तासांनी जातो. लिहिणाऱ्यांनी रणांगणावरची माणसं जवळून पाहिली होती.

टाचेत बाण लागून अकिलीस तडकाफडकी मेला हे मात्र मला पटत नाही. विषारी होता म्हणायचं, नाहीतर अपोलो देवाची कृपा.

गणपुले_नव्हे

धनुर्वात. त्या काळी इंजेक्शन नव्हतं.

कट्टेकरी

मला या यादीत कर्ण का नाही कळत नाही. कवच जन्मजात, अंगाला चिकटलेलं. सूर्य स्वप्नात येऊन सांगतो की उद्या इंद्र ब्राह्मण होऊन मागायला येईल, देऊ नकोस. हा म्हणतो देणार. आणि स्वतःच्या हाताने अंगावरून कापून देतो. इतरांची एक जागा उघडी राहिली, याने सगळं अंग उघडं केलं, तेही जाणूनबुजून.

आणि शमिकाताई, तुमच्या मताला इथे अडचण आहे बघा. इथे आईने काय केलं? पेटीत घालून नदीत सोडला. थेटिसने नदीत बुडवताना धरून ठेवला, कुंतीने हात सोडला. अकिलीसच्या अंगावर आईच्या बोटांची जागा राहिली. कर्णाच्या अंगावर अशी जागाच नाही, त्याला भोक पाडायला इंद्राला दारात यावं लागलं.

धूमकेतू७७

कट्टेकरी, ___/\___

मुळामुठा

वा. काव्य म्हणून फार सुंदर, पण अभ्यास म्हणून मला धोका वाटतो. आपण वेगवेगळ्या टोपल्यांतली फळं एकत्र करतोय. जगातले सगळे वीर एकाच साच्यातले, असं म्हणायची एक हौस गेल्या शतकात फार बोकाळली. वीर घर सोडतो, संकटं येतात, तो जिंकतो, परत येतो. एवढं ढोबळ केलं तर मी परवा रेशनकार्डाचं काम करून आलो तेही त्यात बसतं.

इस्फंदियार बघा, शमिकाच्या चारातला. फिरदौसीचा ‘शाहनामा’, इसवी सन १०१०च्या सुमारास पुरा झालेला. तिथे आई कतायून रडून सांगते, रुस्तमसारख्या थोर वीरावर चालून जाऊ नकोस. मरायला पाठवतो तो बाप. राजा गुश्तास्पला गादी सोडायची नाहीये, आणि ज्योतिष्याने सांगून ठेवलंय की या मुलाचा मृत्यू रुस्तमच्या हातून आहे. म्हणून तो मुलाला हुकूम देतो, जा, रुस्तमला बेड्या घालून आण, मग गादी देतो. ती कथा अंगावरच्या भोकाची नाहीच. म्हातारा खुर्ची सोडत नाही, त्याची आहे.

अरुंधती_पेण

ते खरं, पण डोळ्यांचं काय? तेही सांगा ना. नाहीतर मी सांगते.

पहिल्या दिवशी रुस्तम आणि त्याचा घोडा रख्श बाणांनी चाळण होऊन परत येतात. रुस्तमचा बाप झाल सीमुर्ग पक्ष्याचं पीस जाळतो. सीमुर्ग येतो, चोचीने बाण उपसतो, जखमा बऱ्या करतो आणि रुस्तमला रात्रीच समुद्रकाठी एका झावाच्या झाडापाशी नेतो. म्हणतो, ही सरळ फांदी तोड, विस्तवावर शेकून ताठ कर, दोन टोकं बसव, पिसं लाव, मद्यात भिजव. आणि थेट डोळ्यांवर सोड. शिवाय बजावतो, की इस्फंदियारला जो मारेल त्याला या जगात सुख नाही आणि त्या जगातही नाही. रुस्तम दुसऱ्या दिवशी आधी हातापाया पडतो, खजिना देऊ करतो, तुझ्याबरोबर दरबारात येतो म्हणतो. फक्त बेड्या घालून घेणार नाही. शेवटी सोडतो बाण.

आणि मरता मरता इस्फंदियार काय करतो? आपला मुलगा बहमन रुस्तमच्याच हाती देतो, याला तू वाढव म्हणून. हाच बहमन मोठा होऊन रुस्तमच्या घराण्यावर उलटतो.

डोळेच का, तर पुढच्या इराणी लोककथेत असं सांगतात की अभेद्य करणाऱ्या पाण्यात बुडी मारताना त्याने डोळे मिटले. मला हे सगळ्यांत जास्त आवडतं. इथे ना आई, ना बायको, ना पान. पाण्यात शिरताना डोळे मिटणारच ना माणूस!

राईनकाठी

शाळेत माझ्या बाकावर एक पारशी मुलगा होता, त्याच्या आजोबांना शाहनाम्यातल्या गोष्टी तोंडपाठ. रुस्तम-सोहराब त्यांच्याकडून ऐकलंय. इस्फंदियार मात्र आता कळला.

गणपुले_नव्हे

आता जरा वकिली मुद्दा. अंगावर भोक असलेले एका बाजूला ठेवा, आणि करारात भोक असलेले दुसऱ्या बाजूला. हिरण्यकशिपू: घरात नाही बाहेर नाही, दिवसा नाही रात्री नाही, माणूस नाही जनावर नाही. रावण: देव, दानव, यक्ष सगळ्यांकडून अभय मागितलं, माणसाचं नाव घ्यायला विसरला नाही, तुच्छ म्हणून घेतलं नाही. महिषासुर: बाई काय करणार! ही मंडळी अर्ज भरताना चुकलेली आहेत.

आणि हे फक्त आपल्याकडे नाही. वेल्समधला श्लेऊ नावाचा वीर: घरात मरणार नाही, बाहेर मरणार नाही, पायी नाही, घोड्यावर नाही. बायकोने लाडीगोडीने विचारून घेतलं की मग नेमकं कसं रे? भोळ्याने प्रात्यक्षिक करून दाखवलं! नदीकाठी न्हाणीचं घंगाळ, वर गवती छप्पर, शेजारी बोकड. एक पाय घंगाळाच्या काठावर, एक बोकडाच्या पाठीवर. बायकोचा यार टेकडीआड भाला घेऊन बसलेलाच होता.

खवचट_काका

बोकडाच्या पाठीवर पाय देऊन उभा राहिलास तेव्हा तरी शंका यायला हवी होती रे बाबा.

निवांत_नाना

गणपुले, तुमचा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. तो ऋग्वेदापर्यंत मागे जातो. आठव्या मंडलात इंद्राने नमुची असुराचं डोकं पाण्याच्या फेसाने उडवलं असा मंत्र आहे. कारण पुढे ब्राह्मणग्रंथांत येतं: ना ओल्याने, ना सुक्याने, ना दिवसा, ना रात्री मारीन, असा इंद्राचा शब्द होता. फेस ओलाही नाही, सुकाही नाही.

आणि मुळामुठा, याने तुमच्या ‘आधी मरण, मग भोक’ या तर्काला धक्का बसतो. इथे भोक हीच मूळ गोष्ट आहे. फेस काढून घ्या, नमुचीची कथाच उरत नाही.

मुळामुठा

असुरांपुरतं देतो. वीरांपुरतं नाही. असुराला वर मिळतो तो फसण्यासाठीच, श्रोत्याला पहिल्या ओळीपासून ठाऊक असतं. वीराच्या बाबतीत श्रोत्याला ती जागा सापडू नये असं वाटत असतं. दोन्ही एका पोत्यात भरू नका. आता ऑफिस. हेमाशेपो (हे माझं शेवटचं पोस्ट).

खवचट_काका

हे मुळामुठांचं या धाग्यावरचं पहिलं शेवटचं पोस्ट.

सई_साताऱ्याची

अवांतर होईल, पण जीव बाहेर ठेवलेले कुणी घेतलेच नाहीत. राक्षसाचा प्राण पोपटात, रशियातल्या कश्चेईचा सुईत, सुई अंड्यात, अंडं बदकात, बदक सशात.

ग्रीकांचा मेलेआगर तर शमिकाच्या कामाचा आहे. तो जन्मून सात दिवस झाल्यावर नियतीच्या तिघी बाया घरात येतात आणि सांगतात, चुलीतलं ते लाकूड जळून संपलं की हा मरेल. आई अल्थिया धावत जाऊन लाकूड विझवते आणि पेटीत कुलपात ठेवते. वर्षानुवर्षं. मग रानडुकराच्या शिकारीवरून भांडण होतं, मेलेआगर आपल्या मामांना मारतो. भावांच्या मरणाने वेडी झालेली आई ते लाकूड काढते. रोमन कवी ओव्हिड लिहितो की ती चारदा विस्तवाकडे हात नेते आणि चारदा मागे घेते. मग टाकते.

आमच्याकडे पाचवीला पाटा-वरवंटा पुजतात, शेजारी कोरा कागद नि पेन ठेवतात, रात्री सटवाई येऊन नशीब लिहिते म्हणून. ग्रीकांच्या तिघी सातव्या दिवशी, आपली एकटी पाचव्या रात्री. पहिल्या आठवड्यात मूल जगेल की नाही याची धाकधूक दोन्हीकडे सारखीच असणार.

वैद्य_बोरीवली

सई, अगदी. नाळ कापताना होणाऱ्या संसर्गाने येणारा अर्भकांचा धनुर्वात साधारण याच दिवसांत दिसतो. गणपुलेंनी थट्टेत धनुर्वात काढला होता, तो असा परत आला.

शमिका_आ

किती दिलंत सगळ्यांनी! मेलेआगरमुळे माझं मत जरा वाकवून मांडते. आई जपते म्हणून जागा राहते, एवढंच मी म्हणत होते. अल्थियाने दाखवलं की ती जागा आईच्या ताब्यातही असू शकते, पेटीत, कुलपात. मग ‘निसटलं’ हा शब्द तिथे चालत नाही. कर्णाचं कट्टेकरींनी सांगितलेलं तर अजून डोक्यातून जात नाहीये.

पण मूळ प्रश्नाला अजून कुणी हात घातला नाही. ही जागा ठेवायचीच का? ठेवलीच नाही तर काय बिघडेल?

निवांत_नाना

ठेवली नाही तर अश्वत्थामा होतो.

सौप्तिकपर्वाच्या शेवटी त्याच्या डोक्यावरचा मणी काढून घेतात आणि कृष्ण शाप देतो: तीन हजार वर्षं एकटा भटकशील, अंगाला पू-रक्ताचा वास येईल, कुणाशी बोलणं होणार नाही. मरणाला आत यायला त्याच्या अंगावर कुठे जागाच नाही. जखम आहे, पण ती जिवावर बेतत नाही नि भरतही नाही. ग्रीकांकडे टिथोनस आहे, पहाटेच्या देवीने त्याच्यासाठी अमरपण मागितलं आणि तारुण्य मागायचं राहिलं. झिजत झिजत नुसता आवाज उरला.

शमिकाताई, तुम्ही मघाशी विचारलंत की लोकांनी फुलांची मांडी सोडून आई का आणली. मला वाटतं, ज्या माणसाला अठरा दिवस शिव्या घातल्या, त्याच्या मरणाशी तरी कुणीतरी आपलं असावं असं कीर्तन ऐकणाऱ्या बायांना वाटलं असेल. यापलीकडे माझ्याकडे उत्तर नाही.

कट्टेकरी

नाना, नर्मदा परिक्रमा करून आलेल्या मंडळींकडून ऐकलंय की शूलपाणीच्या जंगलात अश्वत्थामा अजून भेटतो, डोक्याच्या जखमेसाठी तेल मागतो. आमच्या आजीकडेही ही गोष्ट होती. संध्याकाळी दारावर तेल मागणारा आला तर नाही म्हणू नये म्हणायची.

गणपुले_नव्हे

तीन हजार वर्षांची मुदत होती ना? पारंपरिक पंचांगाने युद्ध पाच हजार वर्षांपूर्वीचं धरलं तर शिक्षा कधीच संपली. जामिनाचे कागद कुणी नेऊन द्यायचे राहिलेत की काय?

मुळामुठा

मुदत ग्रंथातली आहे, तेल लोकांचं आहे. लोकांनी मुदत वाढवली. अगदी हेच मी वर म्हणत होतो, पण तेव्हा कुणी ऐकलं नाही.

खवचट_काका

आले! शेवटच्या पोस्टनंतरचे आले.

अरुंधती_पेण

मुळामुठा, आलाच आहात तर जरासंधावर वेगळा धागा काढा. दोन आयांच्या पोटी अर्धा अर्धा जन्मला, जरा राक्षसीने सांधला आणि त्याच सांध्यावर भीमाने फाडला. तिथे तुमचं ‘भोक नंतर आलं’ कसं बसवता ते बघायचंय.